दुपारची छपाई

रेखाताई लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माहेरी आली ती सणासुदीला नव्हे. भुसावळहून आलेल्या रिक्षातून ती उतरली तेव्हा तिचा डावा हात पदराला गाठ मारून गळ्यात अडकवलेला होता आणि बरोबर साधी पिशवीसुद्धा नव्हती. आई ओट्यावर बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ चाळत होती. “न्हाणीत पाय घसरला,” ताई म्हणाली, कोणी काही विचारण्याआधीच. खांद्याचं हाड मोडलं होतं. आईने तिला न्हाऊ घालायला आत नेलं आणि थोड्या वेळाने आतून एक घुसमटलेला आवाज आला. मला वाटलं ताई रडते आहे. दाराच्या फटीतून पाहिलं तर ताई भिंतीकडे तोंड करून शांत बसली होती आणि आई टॉवेलचा बोळा तोंडात कोंबून रडत होती. ताईच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते. काही जुने, पिवळे पडलेले, काही ताजे, आणि बऱ्याच वळांच्या टोकाला बक्कलाचा चौकोनी ठसा. न्हाणीत पडून असा ठसा उमटत नाही.

आम्ही दीपनगरला राहत होतो, वीज केंद्राच्या वसाहतीत. तिथे शांतता अशी नव्हतीच. केंद्राची घरघर दिवसरात्र भिंतींतून, भांड्यांतून, उशीतून येत राहायची, आणि ती कधी थांबली तर वसाहतीतल्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. दोरीवरच्या कपड्यांवर राखेचा पातळ थर बसायचा. नाना, म्हणजे माझे वडील, टर्बाइनवर ऑपरेटर होते. त्यांनी घरात कधी आवाज चढवला नाही, हात तर नाहीच. त्यांच्या गप्प राहण्याला मी त्या वयात ताकद समजायचे. ताई मराठी शाळेत शिकली आणि गावभर बोलत फिरली. माझ्या वेळेपर्यंत नानांना बढती मिळाली होती, म्हणून मला भुसावळच्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे मराठी बोललं की बोटांच्या पेरांवर पट्टी बसायची, आणि घरी इंग्रजी शब्द निघाला की ताई हसायची. मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. गप्प राहणाऱ्या मुलीसमोर लोक खूप काही करतात, ती तिथे नाहीच असं समजून.

शिंदखेड्याहून आत्या आली. नानांची थोरली बहीण, तरुणपणी विधवा होऊनही काचेच्या बांगड्या न उतरवलेली, आणि आमच्या भावकीत तिचा शब्द शेवटचा. लग्न जुळवणं, मोडू पाहणारं सावरणं, दोन्ही तिच्याकडेच. तिने ताईची पाठ पाहिली, खांदा पाहिला, चहा प्यायली, बशी पालथी घातली आणि निर्णय दिला. पोरीला घरी ठेवून घेणं हा पर्याय तिच्या यादीतच नव्हता. “त्याले लाज शे ती परकानी,” ती म्हणाली. “घरमा आपली पोर ऱ्हायनी ते तो हात लावाव नही.” परक्यासमोर तो हात उचलणार नाही, असा तिचा हिशेब. आणि तिने माझ्याकडे पाहिलं. नाना म्हणाले, “अक्का, तिची अकरावी आहे.” आत्या म्हणाली, “मग जयगावले कालेज नही का? बठ्ठं ठीक व्हई जाई.” माझे मेहुणे जळगावात कॉम्प्युटर क्लास चालवत होते, पोरगी तेही शिकेल, असं कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले. त्या संध्याकाळी आईने वांग्याचं भरीत केलं. ताईला एका हाताने भाकरी मोडता येईना, तेव्हा आत्याच तिला घास भरवत होती, अगदी मायेने. खांदा जुळल्यावर आम्हा दोघींना एसटीत बसवताना आई माझ्या कानाशी म्हणाली, “डोळे उघडे ठेव.”

दाजींना मी त्याआधी फक्त लग्नात पाहिलं होतं. माझ्या मनात एव्हाना त्यांचा राक्षस झाला होता. दार उघडलं ते एका सडपातळ, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या, पावडरचा वास येणाऱ्या माणसाने. त्यांनी माझी बॅग हातातून घेतली. “सोबतीला आलीस ना? बरं झालं. रेखाला करमत नाही,” असं म्हणाले आणि हसले. त्यांना सगळं कळलं होतं. खाली क्लास आणि वर घर अशी ती जागा होती. क्लासला काळी फिल्म लावलेलं काचेचं दार, बाहेर चपला काढायच्या, आत एसी. तो एसी माणसांसाठी नव्हता, मशीनला धूळ आणि ऊन सोसत नाही म्हणून होता. वर ताई जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली स्वयंपाक करायची. सकाळी आणि संध्याकाळी बॅचेस असत. दुपारी शटर अर्धं खाली ओढलेलं असे आणि कॉलेजमधून आलेली मी तिथे एकटी बसायचे. मुलांना दाजी आवडायचे. “सर, तुमची मेहुणी इंग्रजी मॅन्युअल कादंबरीसारखं वाचते,” असं एकजण म्हणाला तर ते म्हणाले, “तुला मराठी बोर्ड वाचता आला तरी मी पेढे वाटीन.” सगळी बॅच हसली. मीही हसले.

इतकं चांगलं मला नंतर कोणी शिकवलं नाही. हे वाक्य मी कितीदा लिहून खोडलं, पण ते खरं आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेतला एक छोटा प्रोग्राम दिला. पडद्याच्या मध्ये सूर्य म्हणून एक हिरवा ठिपका. त्यापासून काही अंतरावर ग्रह म्हणून दुसरा ठिपका, आणि त्याला आडवा एक धक्का. पुढचं सगळं यंत्राने करायचं. ग्रह कुठे आहे ते पाहायचं, तिथे सूर्याची ओढ किती ते काढायचं, त्या ओढीने वेग किती बदलेल ते मांडायचं, ग्रहाला एक पाऊल पुढे सरकवायचं, ठिपका उमटवायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. माझा पहिला ग्रह एक फेरी मारून सुरुवातीच्या जागी आलाच नाही. जरा बाहेरून गेला. पुढच्या फेरीत आणखी बाहेरून. पडद्यावर चकली तयार झाली. पुस्तकात तर कक्षा लंबवर्तुळाकार असते, बंद असते, असं लिहिलं होतं. “नियम चुकला का?” मी विचारलं. दुसऱ्या कोणी असतं तर हसलं असतं. दाजींनी खुर्ची ओढली आणि माझ्या ओळींवर पेन्सिल फिरवली. “नियम बरोबर आहे. तू जुन्याच वेगाने ग्रहाला सरकवतेस आणि मग वेग बदलतेस. आधी वेग बदल, मग नव्या वेगाने सरकव.” फक्त दोन ओळींची अदलाबदल. मी प्रोग्राम पुन्हा चालवला. ठिपके पुढे सरकत, वळत, परत आले आणि शेवटचा ठिपका पहिल्याला जाऊन भिडला. मी कुठलीही वर्तुळं काढायला सांगितली नव्हती. ओढ आणि धक्का, एवढ्या दोनच गोष्टींतून तो आकार आपोआप आला होता.

मग मला वेडच लागलं. धक्का बदलत जायचं आणि आकार पाहायचा. बरोबर नेमका धक्का दिला की वर्तुळ. त्याहून थोडा जास्त दिला की लंबवर्तुळ, सूर्य एका कडेला राहिलेला. आणखी वाढवला की ते लंबवर्तुळ लांबत लांबत काकडीसारखं व्हायचं, आणि एका मर्यादेच्या पुढे ग्रह जायचा तो जायचाच, रेघ पडद्याबाहेर निघून जायची. कमी धक्का दिला तर तो सूर्यावर कोसळायला निघायचा, अगदी जवळून झपकन वळायचा, आणि तिथे माझं गणित फुटायचं. ग्रह गोफणीतल्या दगडासारखा कुठल्या कुठे भिरकावला जायचा. “तिथे वेग भयंकर असतो,” दाजींनी सांगितलं, “आणि तुझं पाऊल तेवढंच मोठं. जवळ गेल्यावर पाऊल लहान कर.” पाऊल लहान केलं की आकार नीट यायचा, पण मशीन इतकं हळू चालायचं की एका फेरीला जेवणाची वेळ उलटून जायची. दाजी म्हणाले, प्रत्येक आकार कागदावर घेऊ, सगळ्यांची एक पुस्तिका करू. त्यासाठी त्यांनी स्वतः एक प्रोग्राम लिहून दिला. पडद्यावरचं चित्र तो ओळ ओळ करून प्रिंटरकडे पाठवायचा, एकामागून एक, सात-आठ कक्षा सलग. दुपारी जेवण झालं की ते म्हणायचे, “नीता, छपाई लाव. आणि बघत बस हं, कागद अडकतो.” मग ते वर जायचे.

ज्यांनी तो जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ऐकलेला नाही त्यांना तो आवाज सांगता यायचा नाही. पत्र्यावर खिळा ओढत नेल्यासारखा, थांबून पुन्हा ओढल्यासारखा. त्या बंद खोलीत, एसीच्या घुरघुरीवर चढून तो दातांत शिरायचा. मला तो तेव्हा आवडायचा. दोन्ही कडांना भोकं असलेला कागद दात्यांवरून वर सरकायचा आणि त्यावर माझी लंबवर्तुळं खालून वर उगवायची. आता माझ्या मुलीच्या फोनवर बोट फिरवलं की सगळी ग्रहमाला क्षणात फिरायला लागते, आवाज न करता. ती मला दाखवते आणि मी छान म्हणते. ताईचं वय साठीला आलं आहे. बँकेत पासबुक भरण्याचं यंत्र सुरू झालं की ती अजून रांग सोडून बाहेर येते आणि उन्हात उभी राहते. कर्मचारी मागून हाक मारतात, “मावशी, तुमचाच नंबर आहे!” ती मागे पाहत नाही.

माझ्यासमोर दाजींनी एकदाही हात उचलला नाही. आवाजसुद्धा नाही. “रेखा, मीठ जरा कमी झालं का ग?” इतकंच म्हणायचे, आणि ताईच्या हातातला डाव ताटावर वाजायचा. पण ताई बदलत होती. एक दिवस ओठ फुटलेला, म्हणाली कपाटाचं दार लागलं. एक दिवस ती पायऱ्या चढताना कठड्याला धरून एकेक पाय ओढत होती. शेवभाजीचा उकळता रस्सा हातावर सांडला म्हणाली, पण रस्सा सांडला तर मनगटावर सांडतो, कोपराच्या वर एकाच बाजूला असा ओघळ येत नाही. केस विंचरताना तिच्या कानामागे टक्कल पडलेलं दिसलं, रुपयाएवढं, लाल. मी बघत होते, कारण त्याच कामासाठी मला पाठवलं होतं. आणि मला काहीच दिसत नव्हतं. घरात चार खोल्या आणि तीन माणसं, मी कॉलेजचे तास सोडून कायम तिथे, आणि त्या तासांना दाजी खाली बॅच घेत, मग हे होतं कधी? मी ताईला विचारलं. ती भाजी निवडत होती. “तू खाली काय काढतेस ते सांग,” म्हणाली. “आज कोणता ग्रह?” मी तिचा हात धरला तर तिने तो असा झटकला की देठं जमिनीवर उडाली. “तुझी बारावी होऊ दे, नीता. मग बघू.”

त्या दुपारी मी सूर्याजवळून वळणारी सगळ्यात अवघड कक्षा घेतली होती, आणि ती पहिल्यांदाच न फुटता पूर्ण झाली होती. मी दाजींना दाखवली. त्यांनी पाठीवर थाप मारली. “छपाई लाव,” म्हणाले, आणि गेले. चौथं चित्र अर्धं झालं आणि वीज गेली. जळगावात तेव्हा ती रोज जायची, पण ठरलेल्या वेळी. ही अवेळी गेली. एसी बंद झाला. प्रिंटरचं डोकं ओळीच्या मध्ये थबकलं. मशीन तेवढं यूपीएसवर होतं, म्हणून पडद्यावर ते हिरवं लंबवर्तुळ तसंच जळत राहिलं. आणि त्या शांततेत वरून आवाज आला. ओलं धुणं दगडावर आपटावं तसा. मग पुन्हा. मध्ये दाजींचा आवाज होता, आणि तो रागाचा नव्हता. मला शिकवताना असायचा तोच, समजूतदार, एका पट्टीतला. “परत सांग. नीट सांग. परत सांग.” मग काहीतरी जड भिंतीला लागलं आणि ताईच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता.

मग वरचेही आवाज थांबले. त्यांच्या लक्षात आलं होतं की खाली छपाई बंद पडली आहे. जिन्यावर पावलं वाजली. दाजी रुमालाने हात पुसत आत आले, केसांवरून कंगवा फिरवलेला. रुमालावर लाल होतं. “कागद अडकला का?” त्यांनी विचारलं.

“लाइट गेली,” मी म्हणाले.

“हो का?” ते काही क्षण माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. “आली की पहिल्यापासून लाव.” आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडले.

मी वर धावले. ताई स्वयंपाकघरात मोरीशी बसून फुटलेल्या काचेच्या बशीचे तुकडे गोळा करत होती. तिच्या हनुवटीवरून रक्त गळून ब्लाऊजवर पडत होतं, एक डोळा मिटला होता, आणि दुसऱ्या तळहातावर तिने तिचा पुढचा दात नीट धरून ठेवला होता, जणू तो परत बसवता येणार होता. “पाहिलंस?” ती म्हणाली.

“ऐकलं.”

“रोज असंच असतं,” ती म्हणाली. शब्द फुसफुसत येत होते. “खाली ते यंत्र किंचाळायला लागलं की मला कळतं, आता वर येतील. ते थांबलं की थांबतात. आज यंत्र वेळेआधीच थांबलं ना, म्हणून हाताला आलं ते एकदमच फेकलं.” मग ती म्हणाली, “मोठी कक्षा नको काढत जाऊ ग.”

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून मी वसाहतीतल्या शेजाऱ्यांकडे फोन केला. बूथमध्ये दाजींच्या क्लासची दोन पोरं होती, म्हणून मी एवढंच म्हणाले, “नानांना सांगा, आत्याला घेऊन या. आजच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आणि आत्या आले. क्लासच्या पोरांनी सांगितलं असावं, दाजींनीही त्यांच्या मोठ्या भावाला बोलावून घेतलं होतं. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, केळीचे व्यापारी, मोठं पोट, मोठा आवाज. बैठक खाली क्लासमध्येच झाली. वर उकडतं, असं दाजी म्हणाले. बॅचला सुट्टी दिली होती. कॉम्प्युटरसमोरच्या गोल फिरत्या खुर्च्यांवर सगळे बसले. आत्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ताई दाराशी खाली बसली होती, पदराने तोंड झाकून. अण्णांनीच सुरुवात केली. “अहो, भांड्याला भांडं लागतं. ती जिन्यावर पडली.” दाजी चहा पुढे करत म्हणाले, “मी काही बोलत नाही. नीताला विचारा. तुम्हीच तिला ठेवली ना इथे? ती कायम घरात असते. तिने एकदा तरी पाहिलं असेल तर मी हात जोडून माफी मागतो.”

तेव्हा मला कळलं की आम्ही त्यांच्यावर पहारा ठेवला नव्हता. आम्ही त्यांना साक्षीदार पुरवला होता.

आत्या माझ्याकडे वळली. “नीता, तुना डोयासमोर मारं का त्यानी?”

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मी चार माणसांसमोर कधी बोलले नव्हते. खोटं बोलावं असंही मनात आलं, पण दाजींनी पुढचा प्रश्न काय विचारला असता ते मला दिसत होतं: कधी, कुठे, कशाने. “नाही,” मी म्हणाले. नाना जमिनीकडे पाहायला लागले. अण्णांनी मांडीवर थाप मारली. ताईने मान वर केली नाही.

मी उठले. मशीन सुरूच होतं. मी छपाईचा प्रोग्राम लावला, कागदाच्या कडा दात्यांवर बसवल्या. “हे काय आता?” अण्णा म्हणाले. मी म्हणाले, “आत्या, तू वर स्वयंपाकघरात जा. जोरात हाका मार. काय वाटेल ते ओरड.” दाजी उभे राहिले. “पोरीचं डोकं फिरलंय.” पण आत्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय तिला वाटलं कोण जाणे, गुडघ्यावर हात ठेवून ती उठली. ती बाहेर गेल्यावर मी काचेचं दार ओढून घेतलं आणि कळ दाबली. प्रिंटर किंचाळायला लागला. पहिलं वर्तुळ उगवलं, दुसरं लंबवर्तुळ, तिसरं. अण्णा कानात बोट घालून काहीतरी विचारत होते ते मला ऐकू येत नव्हतं. नाना छताकडे बघत होते. ते आयुष्यभर यंत्राच्या आवाजात उभे राहिलेले. मला वाटतं त्यांना सगळ्यात आधी कळलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

दार उघडून आत्या आली. घामाने भिजलेली, धापा टाकत, हातात वरची पितळी थाळी तशीच. मी छपाई थांबवली. “मना आवाज वना का कोनले?” ती म्हणाली. ती अण्णांकडे वळली. “मी थाळी आपटी, बोंब मारी. तुना बापना नावनी शिवी दिनी मी, तरी नही ऐकं?”

“कोणी मारलं तर ऐकू येणार ना,” दाजी म्हणाले, अजून हसत.

मी पुन्हा कळ दाबायला हात पुढे केला. ते का केलं, सांगता येत नाही. बहुधा तो आवाज पुन्हा सगळ्यांना ऐकवावा एवढंच असेल. त्यांचा पंजा माझ्या डाव्या कानावर बसला. आधी आवाज आला आणि मग सगळे आवाज गेले. मग त्यांनी माझी वेणी मुठीत धरली आणि माझं तोंड प्रिंटरवर आपटलं, एकदा, आणि मान मागे ओढून पुन्हा. प्लास्टिकचं झाकण फुटून गालात घुसलं. कागदावरून माझं रक्त दात्यांपर्यंत ओघळताना मला दिसत होतं, अगदी जवळून, आणि उजव्या कानात त्यांचा तोच शांत आवाज होता, “तुला मी शिकवलं. तुला मी शिकवलं.” नाना त्यांच्या पाठीवर झेपावले. नानांना मी त्याआधी कोणाच्या अंगाला जाताना पाहिलं नव्हतं. दाजींनी कोपराने त्यांना झटकलं, ते खुर्चीसकट मागे कोसळले. मग पितळेची कड चमकली. आत्याने थाळी दोन्ही हातांनी धरून, लाकूड फोडावं तशी, दाजींच्या तोंडावर घातली. नाकाचं हाड मोडल्याचं मला ऐकू आलं नाही, ते गुडघ्यांवर कोसळले त्यावरून कळलं. ती पुन्हा मारत होती, खांद्यावर, मानेवर, आणि प्रत्येक फटक्याबरोबर तिच्या बांगड्या फुटून जमिनीवर पडत होत्या.

“बस करा!” अण्णा ओरडले. “रक्त आलंय त्याला!”

“आन् हिनं रगत?” आत्या म्हणाली. “ते पानी शे का?”

अण्णांनी भावाला बखोटीला धरून खुर्चीत बसवलं, आणि तिथेही, त्या अवस्थेतही, ते म्हणाले, “रेखा, तू वर जा. रागाच्या भरात झालं. आपण सगळे बसून बोलू.” आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. ताई तिथे नव्हती. ती दाराबाहेर चपला घालून उभी होती. पदर तोंडावरून खाली आला होता, आणि रस्त्यावरची माणसं तिच्याकडे बघत जात होती. “मी बसणार नाही, अण्णा,” ती म्हणाली. अजूनही मी दाजींना मनातसुद्धा अरे-तुरे करू शकत नाही, सवय अशी असते. पण त्या सकाळी दाराबाहेरून अण्णांना उत्तर देताना ताईने खुर्चीतल्या दाजींकडे एकदाही पाहिलं नव्हतं, हे मात्र मी पाहिलं होतं.

डॉक्टरांनी माझ्या गालाला टाके घातले आणि कानाचा पडदा फाटला आहे असं सांगितलं. त्या कानाने मला आजही ऐकू येत नाही. कापसाचा बोळा घालून, बँडेज बांधून आम्ही स्टँडवर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. नानांनी ताईसाठी लस्सी आणली. तिला ती फुटलेल्या ओठाने पिता येईना, म्हणून ती बोटाने चाटत होती. भुसावळची गाडी फलाटाला लागली. नाना आणि मी चढायला निघालो. आत्या जागची हलली नाही.

“चल ना, अक्का,” नाना म्हणाले.

“माले धुळानी गाडी धरनी शे,” आत्या म्हणाली.

“धुळ्याला? आता कशाला?”

तिने हातातल्या जखमांकडे पाहिलं, जिथे बांगड्या रुतल्या होत्या. “तठे सुमनजोडे मी तिनी धाकली बहीन धाडेल शे,” ती म्हणाली. “हाईच सांगीसन.” सुमन म्हणजे आमची चुलत बहीण, धुळ्याला दिलेली. तिची धाकटी माझ्याहून लहान होती, नववीत असेल. ती शिकायला बहिणीकडे राहते, एवढंच आम्हाला माहीत होतं; तिलाही माझ्यासारखंच पहाऱ्याला धाडलं होतं, हे आत्ता कळलं.

नानांनी भुसावळच्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, “आज दमली आहेस. उद्या सकाळी जा.”

“उद्या?” आत्या म्हणाली.

धुळ्याची गाडी पलीकडच्या फलाटावर उभी होती. आत्या तिकडे चालायला लागली, गुडघ्यावर हात ठेवून. ताईने लस्सीचा ग्लास माझ्या हातात दिला आणि ती तिच्यामागे निघाली. आत्या थांबली. “तू घर जाय,” तिने ताईला सांगितलं.

“सुमन तुला सांगणार नाही, आत्या,” ताई म्हणाली. “पडले म्हणेल. मला सांगेल.”

आत्याने तिच्या तोंडाकडे, त्या मिटलेल्या डोळ्याकडे पाहिलं आणि मग बाजूला होऊन तिला आधी चढू दिलं. गाडी भरली होती. दोघींना उभ्यानेच जावं लागलं.